हळद, चिलटे आणि स्मृतिभ्रंश

प्रश्न : हळदीतील कर्क्युमिनने माश्यांचा अल्झायमर आटोक्यात आला, असे वाचले. माशीला हा आजार कसा होतो? माझ्या आईला हळदीच्या गोळ्या द्याव्यात का?

उत्तर : पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे, म्हणजेच फळमाश्या, यांना हा आजार आपणहून होत नाही, अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साठणारे अमायलॉइड-बीटा हे प्रथिन तयार करणारा माणसातील जनुक त्यांच्यात घातला, की त्यांच्या चेतापेशी झिजू लागतात. माशी जेमतेम दोन-अडीच महिने जगत असल्याने निकाल लवकर हाती येतो. कर्क्युमिन खाद्यात मिसळतात आणि मग काचेची नळी हलकेच आपटून सगळ्या माश्या तळाशी पाडतात. निरोगी माशी काही सेकंदांत भिंतीवरून सरसर वर चढते, आजारी माशी मात्र तळाशीच रेंगाळते.

स्वीडनमधील लिंकपिंग विद्यापीठाच्या 2012 च्या प्रयोगात कर्क्युमिन दिलेल्या अशा माश्या अधिक काळ जगल्या आणि अधिक हालचाल करत राहिल्या. गंमत अशी, की मेंदूतील प्रथिनांचे साठे विरघळले नाहीत. उलट, अधिक विषारी समजले जाणारे लहान पुंजके कमी होऊन त्यांचे धागे लवकर बनले, असे संशोधकांना दिसले.

तरीही घाई नको. कर्क्युमिन आपल्या आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते, आणि अल्झायमरच्या रुग्णांवरील 24 आठवड्यांच्या एका चाचणीत त्याचा गुण दिसला नाही. भाजी-आमटीतील हळद चालू ठेवावी. गोळ्या मात्र, विशेषतः आई रक्त पातळ करणारी औषधे घेत असतील तर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.