गोव्यात गेस्ट हाउसच्या वाय-फायवर ऑफिसचे मेल येतात, पण जात का नाहीत?

तुम्ही लिहिलंय की डोंबिवलीला घरी लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालायचं. पाळोळ्याला आल्यापासून मेल येतात, पण पाठवलेले आउटबॉक्समध्येच पडून राहतात. मेल येतायत म्हणजे वाय-फाय चालू आहे. मेल आणणारा सर्व्हर वेगळा आणि पाठवणारा वेगळा, आणि प्रवासात बहुतेक वेळा अडतो तो पाठवणाराच.

आधी एररचा मजकूर नीट वाचा. ‘टाइम आउट’ किंवा ‘कनेक्शन फेल्ड’ असेल तर लॅपटॉप सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीये. जुन्या सेटिंगमध्ये एसएमटीपीचा (मेल पाठवायच्या पद्धतीचा) पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या दाराचा नंबर, 25 असतो आणि स्पॅम रोखण्यासाठी तो पुष्कळ ठिकाणी बंद ठेवतात. तिथे 587 टाका आणि सुरक्षा, म्हणजे मेल कुलूपबंद करून पाठवायची पद्धत, ‘स्टार्ट-टीएलएस’ निवडा. ते चाललं नाही तर 465 आणि ‘एसएसएल/टीएलएस’. थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम वापरत असाल तर हे अकाउंट सेटिंग्जच्या तळाशी ‘आउटगोइंग सर्व्हर’मध्ये मिळेल.

‘550’ आणि ‘रिलेइंग डिनाइड’ (मेल पुढे पाठवायला नकार) असं काही दिसत असेल तर भानगड वेगळी. सर्व्हर भेटतोय, पण तुम्हाला ओळखत नाही. काही सर्व्हर, उदाहरणार्थ घरच्या इंटरनेट कंपनीचे, आपल्याच नेटवर्कमधून आलेला मेल पासवर्ड न विचारता घेतात, म्हणून कदाचित घरी कधी अडलं नसेल. बाहेरून मात्र आउटगोइंग सर्व्हरलाही युजरनेम-पासवर्ड द्यावा लागतो. आउटलूकमध्ये त्यासाठी ‘आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागते’ अशा अर्थाची खूण असते, ती करा.

587 करूनही जात नसेल तेव्हाच मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघा. 25 वरच ठेवून ही चाचणी केली तर फसाल, कारण मोबाईल नेटवर्कवरही तो बंद असू शकतो. हॉटस्पॉटवर गेला तर दोष गेस्ट हाउसच्या वाय-फायचा. तिथेही नाही गेला तर ऑफिसच्या आयटीवाल्यांना एररचा स्क्रीनशॉट पाठवा. ‘मेल जात नाही’ एवढंच कळवून त्यांना काही उमगणार नाही.

वाय-फायला खोली नंबर विचारणारं पान असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा खासगी मार्ग) लावला असेल तर तो बंद करून ब्राउझरमधून आधी ते भरा. त्याआधी मेल प्रोग्राम उघडला की कधीकधी सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची खात्री पटत नसल्याची, सूचना येते. तिला ‘स्वीकार’ करू नका, अजिबात नाही. पुढे कोण बसलंय ते ठाऊक नसताना पासवर्ड तिकडे जाऊ शकतो.

अटॅचमेंटचंही बघा. ऑफिसचं खातं जीमेलवर असेल तर मर्यादा 25 एमबी, पण मेलमध्ये बसवताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून 18 एमबीच्या आत राहिलेलं बरं. त्याहून मोठी असेल तर गूगल ड्राइव्हवर चढवून लिंक द्या. नेट रडतखडत चालत असेल तर कधी मेल पोचतो पण पोच परत येत नाही. मग तो आउटबॉक्समध्येच राहतो आणि पुन्हा जातो. साहेबांना एकच कोटेशन तीनदा मिळतं ते असं. पुन्हा ‘सेंड’ दाबण्याआधी समोरच्याला विचारा.

फोनवर खातं ‘पॉप’ने (मेल सर्व्हरवरून उतरवून घ्यायच्या पद्धतीने) जोडलेलं असेल तर ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ चालू आहे ना ते बघा, नाहीतर फोनने उतरवलेले मेल लॅपटॉपवर दिसणार नाहीत. त्यापेक्षा ‘आयमॅप’ (पोर्ट 993) घ्या, त्यात मेल सर्व्हरवरच राहतात आणि दोन्हीकडे सारखं दिसतं.

परतीच्या गाडीत जड मेल पाठवायला बसू नका. कोकण रेल्वेवर बोगद्यांमागून बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुडे तर साडेसहा किलोमीटरचा. अर्धी चढलेली फाइल तुटली की पुन्हा पहिल्यापासून.

आणि खोतीगाव-नेत्रावळीच्या रानाकडे जाणार असाल तर रेंजचा भरवसा धरू नका. निघण्याआधी क्रोममध्ये जीमेलचं ‘ऑफलाइन’ चालू करा. 7, 30 किंवा 90 दिवसांचे मेल साठवता येतात. उत्तरं तिथेच लिहून ‘सेंड’ करा, नेट मिळालं की ती आपोआप जातील. लॉगिन करताना ओटीपीऐवजी चालणारे जीमेलचे 10 बॅकअप कोडही कागदावर लिहून घ्या. एक कोड एकदाच चालतो, पण रेंज नसताना ओटीपीचा एसएमएस यायची वाट बघत बसावं लागत नाही.