नाशिकच्या आमच्या रॉक बँडला पहिला अल्बम करायचाय, आठ गाणी तयार आहेत. सगळं मुंबईत जाऊन रेकॉर्ड करावं का?

सगळं नको. फक्त ड्रम्स स्टुडिओत करा. ते नाशिकमध्येच जमलं तर कसारा घाट उतरायचीही गरज नाही. ड्रम्सला आठ-दहा माइक, तेवढ्या इनपुटचा इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारं यंत्र) आणि आवाज न घुमणारी खोली लागते. घरी हे उभं करण्यापेक्षा दोन दिवसांचं भाडं परवडतं. बेस, गिटार घरीच डीआयने (अँप्लिफायरशिवाय, थेट इंटरफेसला जोडून) घ्या, अँप्लिफायरचा टोन मागाहून बसवता येतो. सगळ्यांनी रेकॉर्डिंगचं सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवरच ठेवा, नाहीतर फायली जुळवताना घाम फुटेल.

खरी मेहनत त्याआधीची. प्रत्येक गाण्याचा टेम्पो ठरवून क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) तालीम करा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, कोरस आला की ड्रमर पळतो का (बहुतेक पळतात). तासाचं मीटर चालू असताना हे कळणं महागात पडतं. गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदला. गायन घरी करणार असाल तर गणपतीआधीचे आठवडे टाळा. ढोलपथकांचा सराव सुरू झाला की माइकमध्ये ताशा येणारच.

आणि आठही गाणी एकदम कशाला? आधी दोन सिंगल काढा. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर रिलीजच्या किमान 7 दिवस आधी. मी तर महिनाभर आधी देईन. शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचा किती वाटा हे आत्ताच लिहून सह्या करा. आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) गाणी नोंदवताना तेच लागतं.