‘दया कर’ म्हणजे ‘कीव कर’ का?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी रोज रात्री जेवणाआधी प्रार्थना होते, त्यात "प्रभू, आमच्यावर दया कर" येतंच, तर नववीतला मुलगा परवा म्हणाला, मम्मी, दया म्हणजे कीव ना, मग देवाला आपली कीव करायला कशाला सांगायचं, सरळ "कृपा कर" म्हण की. आणि जोडीला दुसरा प्रश्न, "हे अन्न आशीर्वादित कर" हे मराठी बरोबर आहे का?

पोराचं काही चुकलेलं नाही, तो कानावर पडतं त्यावरूनच बोलतोय. "मला कुणाची दया नकोय" हे सिरियलमध्ये दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. पण मला वाटतं इथे नुसता ‘दया’ शब्द बघून चालत नाही, मागून क्रियापद कुठलं येतंय ते बघायचं. दया ‘येते’ ती बघणाऱ्याला, ठाणे स्टेशनच्या पुलावर कुणीतरी बसलेलं दिसतं, आपण च्च करतो आणि वाशी लोकल सुटेल म्हणून पळतो, झालं. दया ‘दाखवतात’ ती चार लोकांना दिसेल अशी. दया ‘करायची’ म्हटलं की मात्र थांबावं लागतं. बायबलमध्ये यरीहो गावाच्या रस्त्यावर बसलेला आंधळा बार्तीमय येशूला हाक मारून दया मागतो, लोक त्याला गप्प राहा म्हणून दटावतात तर तो अजून मोठ्याने ओरडतो, आणि येशू थांबून विचारतो काय, तर मी तुझ्यासाठी काय करू? त्या माणसाला हळहळ नको होती हो, डोळे हवे होते. कीव करणाऱ्याचा हात खिशातच राहतो, तो फरक.

आणि बायबलच्या मुळातल्या भाषा बघितल्या तर अजून मजा आहे. हिब्रूत दयेसाठी एक शब्द आहे रहमीम, तो ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाशी जोडलेला. ग्रीक शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, येशूला लोकांबद्दल जे वाटतं त्याचं क्रियापद आतड्यांवरून आलंय. आता मराठी आईला हे समजावून सांगायची गरजच नाही, आपलं आतडं तुटतं, पोटात कालवतं. मराठी बायबलमध्येही मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी ती गर्दी बघून येशूला ‘कळवळा’ येतो. तेव्हा मुलाला सांगा, प्रार्थनेतली दया ही कळवळ्याची सख्खी बहीण, कीवेची नाही.

मग कृपा म्हटलं तर चालेल का? चालेल, पण मागणं बदलतं. दया मागतो ती अडकलेला, चुकलेला, हात टेकलेला माणूस. कृपा काही अडलेलं नसतानाही असते, न कमावता मिळालेली. आमच्या मजल्यावरच्या आजींना तब्येत विचारली की "प्रभूच्या कृपेने बरी आहे" म्हणतात, तिथे दया सहसा येत नाही. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांची सुरुवात बघा, मंडळ्यांना म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समाजांना लिहिताना ‘कृपा व शांती’, पण आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दोन्ही पत्रांत मध्ये ‘दया’ घातलीय. एकाच अर्थाचे असते तर दोन्ही कशाला लिहिले असते. (जाता जाता, ‘कृपया’ म्हणजेच ‘कृपेने’, ती संस्कृतातली तृतीया आहे, त्यामुळे ‘कृपया करून’ लिहू नका, सोसायटीच्या नोटीसबोर्डवर रोज वाचून डोकं उठतं.)

आता आशीर्वाद. यात ‘वाद’ आहे, म्हणजे बोलणं, तोंडाने उच्चारलेली शुभेच्छा. ग्रीक आणि लॅटिन शब्दही अगदी असेच, ‘चांगलं बोलणं’. त्या लॅटिनवरून पोर्तुगीज शब्द आला आणि त्यावरून कोंकणी ख्रिस्ती घरांतला ‘बेसांव’, जो मुलं मोठ्यांकडे मागतात. मोठ्यांकडे, हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडे आशीर्वाद वरून खालीच येतो. हिब्रूत तसं नाही, देव माणसाला देतो त्यालाही आणि माणूस देवाची स्तुती करतो त्यालाही एकच क्रियापद. मराठीत देवाला आशीर्वाद कोण देणार, म्हणून बायबलच्या १०३व्या स्तोत्रात आपण परमेश्वराचा ‘धन्यवाद’ करतो.

‘आशीर्वादित कर’ माझ्या कानाला भाषांतर वाटतं, कारण मराठीत आशीर्वाद देतात, घेतात, मिळतो, असतो. "या अन्नावर तुझा आशीर्वाद असू दे" जास्त सहज येतं. पण चर्चमध्ये तो शब्द चांगलाच रुळलाय, कुणाच्या आजीच्या प्रार्थनेत मध्येच थांबवून दुरुस्ती करायला जाऊ नका प्लीज. दुरुस्ती करायचीच असेल तर आमच्या नाक्यावरच्या वाढदिवसाच्या बॅनरची करा, तिथे दर महिन्याला ‘आर्शिवाद’ असतो. शी दीर्घ, आणि रफार वा वर.