वाचकांचे प्रश्न : घरी जोडलेली रिकम्बंट ट्राइक

प्रश्न : पुढे दोन चाकं आणि मागे एक, अशी रिकम्बंट ट्राइक (मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची तीनचाकी सायकल) खोक्यातून काढून घरीच जोडली. २०० किलोमीटरही झाले नाहीत, तोवर पुढचे दोन्ही टायर कानशीने घासल्यासारखे झाले आहेत. टायरच खराब निघाले का?

उत्तर : टायर बदलू नका, बदललेत तर नवेही असेच जातील. पुढची चाकं एकमेकांना समांतर नाहीत. ती फिरताना थोडी आडवीही घासली जातात आणि रबर त्यातच संपतं. दोन्ही चाकांमधलं अंतर मागच्यापेक्षा पुढच्या बाजूला १ ते २ मिलिमीटर कमी हवं. यालाच टो-इन म्हणतात. पुढे अंतर जास्त असेल तर टायर झिजतातच, शिवाय हँडल सरळ धरवत नाही.

मोजताना टायरवर विसंबू नका, तो रिमवर क्वचितच अगदी सरळ बसलेला असतो. हँडल सरळ ठेवून दोन्ही रिमच्या आतल्या कडेवर, पुढच्या बाजूला, ॲक्सलच्या उंचीवर खडूने खूण करा आणि अंतर घ्या. मग ट्राइक अर्धा फेरा पुढे ढकला, म्हणजे त्याच खुणा मागे येतील. तिथे पुन्हा मोजा. खुणा त्याच असल्यामुळे रिम जराशी वाकडी असली तरी मापात चूक येत नाही. मध्ये फ्रेम आडवी येत असेल तर दोन सरळ काठ्या एकमेकींवर सरकतील अशा रबराने बांधा, टोकं रिमला टेकवा आणि काठ्यांवर पेन्सिलीने रेघ मारा. हे सगळं चालवणारा सीटवर बसलेला असताना करायचं, कारण वजन पडलं की माप बदलतं.

दुरुस्ती टाय-रॉडवर, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्यावर होते. त्याच्या एका टोकाला सरळ आटे असतात आणि दुसऱ्याला उलटे, म्हणून दोन्ही लॉक-नट ढिले करून रॉड नुसता फिरवला की लांबी बदलते. रॉड चाकांच्या ॲक्सलमागे असेल तर लांबी वाढवल्यावर टो-इन वाढतो, पुढे असेल तर उलट. प्रत्येक चाकाला वेगळा रॉड असेल तर दोन्ही सारखेच फिरवा, नाहीतर हँडल तिरकं बसेल. पाव फेरा फिरवायचा आणि पुन्हा मोजायचं. लॉक-नट आवळताना रॉडच्या टोकांचे बॉल-जॉइंट एकाच पातळीत राहू द्या, नाहीतर वळताना ते अडकतात.

प्रश्न : सोबत आलेली चेन फार लांब आहे. किती कड्या कापू?

उत्तर : आधी बूम (पेडल बसवलेला, पुढे-मागे सरकणारा फ्रेमचा पुढचा दांडा) पक्का करा, चेनला नंतर हात लावा. हाच क्रम बहुतेकांचा उलटा होतो. सीटवर टेकून बसा आणि टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत लांब असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. बूम १.२७ सेंटिमीटर पुढे सरकला की चेनमध्ये एक जोडी, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची कडी, वाढवावी लागते. आधी कापून बसलात तर तुकडे जोडत बसाल.

एकूण चेन साधारण अडीच ते तीन सायकलींची लागते. पुढची सर्वांत मोठी आणि मागचीही सर्वांत मोठी चकती लावून पाहा. मागच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या, चेन ताणून धरणाऱ्या भागाला) अजून थोडा वाव शिल्लक हवा. दोन्हीकडे सर्वांत लहान लावल्यावर चेन लोंबता कामा नये. चेनवरच्या संरक्षक नळ्यांतून ओवताना तिला पीळ बसतो, आणि तो पेडल मारेपर्यंत कळतही नाही. जोडण्याआधी पूर्ण लांबीभर पाहा, सगळ्या पिना एकाच दिशेला असायला हव्यात. नळी एकाच ठिकाणी बांधा आणि तिचं तोंड आयडलरपासून (चेनला वाट दाखवणाऱ्या छोट्या चाकापासून) दोन बोटं दूर ठेवा. खरखरीचं कारण बहुतेक तिथेच सापडतं.

प्रश्न : साधे पेडल चालतील का?

उत्तर : नकोत. चालत्या ट्राइकवर पाय पेडलवरून घसरून जमिनीला लागला तर तो मागे ओढला जाऊन फ्रेमखाली सापडतो, आणि घोटा मोडू शकतो. क्लिट असलेले, म्हणजे बुटाचा तळ अडकवून धरणारे पेडल घ्या किंवा टाच धरून ठेवणारे पट्टे लावा. बसवताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका, सुरुवातीचे दोन-तीन फेरे हातानेच द्या.