वाचकांचे प्रश्न : संग्रहाच्या प्रती घेऊ का?

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करते. मराठीत लिहिते, इंग्रजीतही थोडं. इन्स्टाग्रामवर जाहिरात बघून एका आंतरराष्ट्रीय काव्यस्पर्धेला कविता पाठवली. प्रवेश मोफत होता. आठवडा व्हायच्या आत ईमेल आला की कविता अंतिम फेरीत आहे आणि जागतिक संग्रहात छापणार आहेत. संग्रहाच्या प्रती मात्र मीच विकत घ्यायच्या, ट्रॉफीचे पैसे वेगळे. आई म्हणते, भरून टाक, नाव होईल. काय करू? अशा स्पर्धांचा कवीला खरंच उपयोग असतो का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : भरू नका. आईंना माझा नमस्कार सांगा, पण भरू नका.

आठवड्याच्या आत जगभरच्या कविता वाचल्या कोणी? दिवाळी अंकांच्या स्पर्धांना मी परीक्षक म्हणून बसलो आहे. पावसावरच्या कवितांचा गठ्ठा उपसताना डोळे मिटायला लागतात. मग चहा होतो, आणि पेंगताना एखादी चांगली कविता निसटली तर नाही ना, या धास्तीने गठ्ठा पुन्हा वरून सुरू होतो. शेवटच्या पाच-सहांवर परीक्षकांची जुंपते ती वेगळीच. हे सगळं गावातल्या स्पर्धेचं.

तुमच्या स्पर्धेत बहुधा सगळेच अंतिम फेरीत आहेत, कारण संग्रहाचं गिऱ्हाईक म्हणजे कवी स्वतः आणि त्याचे नातेवाईक. अमेरिकेत नव्वदच्या दशकात हा धंदा तेजीत होता. काही पत्रकारांनी मुद्दाम भिकार कविता पाठवून पाहिल्या, त्याही पुढच्या फेरीत गेल्या!

तेव्हा ‘मोफत’ शब्दावर भाळू नका. चांगल्या स्पर्धा बहुधा आधी शुल्क घेतात आणि नंतर काही विकत नाहीत. लंडनच्या पोएट्री सोसायटीची नॅशनल पोएट्री कॉम्पिटिशन १९७८ पासून चालू आहे. नाव नॅशनल असलं तरी पुण्यातूनही कविता पाठवता येते : इंग्रजीत, अप्रकाशित, चाळीस ओळींच्या आत. परीक्षकांना कवीचं नाव दिसत नाही. पहिलं बक्षीस ५,००० पौंड. कॅरल अ‍ॅन डफी १९८३ मध्ये ही स्पर्धा जिंकल्या आणि २००९ मध्ये ब्रिटनच्या राजकवी झाल्या. कॅनडातलं माँट्रियल प्राइज तर एका कवितेला २०,००० कॅनेडियन डॉलर देतं.

बक्षीस लागण्याची शक्यता अगदी थोडी, हे धरूनच चाला. मग उपयोग काय? ज्याला तुमचं नाव, आडनाव, फॉलोअर काहीच ठाऊक नाही असा माणूस कविता वाचतो, हा उपयोग मला सगळ्यांत मोठा वाटतो. आपल्याकडे कविसंमेलनात अर्धी दाद ओळखीची असते. दुसरं, मर्यादेत बसवताना कविता कापावी लागते, आणि पहिल्यांदा कापली जाते ती नेमकी आपली लाडकी ओळ.

इथलंच उदाहरण घ्या. अरुण कोलटकरांचं ‘जेजुरी’, म्हणजे त्यांच्या इंग्रजी कविता, पुस्तकरूपात १९७६ साली आलं आणि १९७७ मध्ये त्याला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइज मिळालं. सासवडच्या पलीकडची आपली खंडोबाची जेजुरी त्यामुळे कुठल्या कुठे पोचली. कोलटकरांनी मात्र घाई केली नाही. पुढची इंग्रजी पुस्तकं यायला २००४ साल उजाडलं.

पाठवणार असाल तर ती कविता आधी इन्स्टाग्रामवर टाकू नका. बऱ्याच स्पर्धा तेवढ्यानेही ती ‘प्रकाशित’ धरतात. शुल्क भरण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा, पैसे गेले की बंद करा.

प्रश्न : माझ्या मराठी कविता गूगलकडून इंग्रजीत करून स्पर्धेला पाठवल्या तर चालतील का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : नियमात बसलं तरी पाठवू नका. अर्थ येईल, कविता येणार नाही. दिलीप चित्र्यांनी तुकाराम इंग्रजीत नेला त्यामागे कित्येक वर्षांची मेहनत होती. १९९४ साली त्यांना साहित्य अकादमीचे दोन पुरस्कार मिळाले, एक स्वतःच्या मराठी कवितेसाठी आणि दुसरा त्या अनुवादासाठी. दोन्ही भाषांत मुरलेला माणूस शोधा, शेजारी बसून ओळ न् ओळ करा. झालं की स्पर्धेपेक्षा अनुवादाला वाहिलेल्या नियतकालिकांकडे पाठवा. इंग्लंडातलं ‘मॉडर्न पोएट्री इन ट्रान्सलेशन’ १९६५ पासून हेच काम करतंय. आणि त्या माणसाचं नाव अनुवादक म्हणून द्यायला विसरू नका, फुकट मदत केली असली तरी.