ले-ऑफच्या भीतीनं अमेरिकेत येतोस? आधी कंपनीचं पत्र वाच

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. दारव्ह्याजवळच्या गावात घरून काम, अमेरिकन विमा कंपनीचं नागपूर ऑफिस, सव्वाचार वर्षांपासून गाड्यांचे क्लेम. दोन महिने झाले, व्हॉट्सॲपवर रोज नवी आवई: अर्धी टीम जाणार, क्लेम आता मशीनच पाहणार. त्यातच मॅनेजरनं विचारलं, एल-वन व्हिसावर, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसावर, तीन वर्षं अमेरिकेतल्या हार्टफर्डला जातोस का. आणि तू विचारतोस, "दादा, तिकडं गेलो तं नोकरी पक्की होईल नं?"

नाही होणार. हे आधीच सांगून टाकतो.

मी आर्णीकडचा. दहा वर्षांपासून कनेक्टिकट राज्यात आहे, हार्टफर्ड याच राज्यात, मीही विम्यातच, मीही घरूनच. हार्टफर्डला विम्याची राजधानी म्हणतात, पण या राजधानीतल्या ग्रुपवर कोणती आवई फिरते ठाऊक आहे? "सगळं काम इंडियात चाललं." तुमच्याकडं मशीन खाणार म्हणतात, आमच्याकडं नागपूर खाणार म्हणतात.

दोन्हीकडच्या भीतीचं मूळ एकच आकडा आहे, कम्बाइन्ड रेशो. शंभर रुपये हप्ता आला, त्यातले ७० क्लेममध्ये गेले आणि २८ पगार, कमिशन, ऑफिस यांत गेले, की रेशो झाला ९८. दोन रुपये उरले. टेक्सासात गारपीट झाली आणि ७० चे ७८ झाले, तर रेशो १०६ वर जातो. गारपीट कोणाच्या बापाला थांबवता येत नाही. हप्ता वाढवायचा तर बहुतेक राज्यांत सरकारी विमा खात्यासमोर दर मांडावे लागतात, त्यात वेळ जातो. मग हात जातो त्या २८ कडं, आणि त्यातली मोठी रक्कम म्हणजे तू आणि मी. आता सांग, तू दारव्ह्यात बसलास का हार्टफर्डात, यानं या हिशेबात काय फरक पडतो? पडतो तो एवढाच, की हार्टफर्डात तू महाग पडतोस.

माझं स्वतःचं सांगतो. २०२३ चा जानेवारी. सकाळी साडेनऊला पंधरा मिनिटांची मीटिंग कॅलेंडरवर आली, बोलावणाऱ्या बाईचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. दहा वाजता लॅपटॉप लॉक. तीन दिवसांनी दारात खोका आला, परतीचं लेबल आधीच चिकटवलेलं. लॅपटॉप, चार्जर, हेडफोनसुद्धा परत मागितला. किचनच्या ओट्यावर खोका भरत होतो, तेवढ्यात बाबांचा फोन. "तूर काढली, सात क्विंटल झाली. तुयं कसं हाय?" म्हटलं, बरं हाय बाबा. टेपचा आवाज त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खोका तसाच सोडून बाहेर बर्फात जाऊन उभा राहिलो.

मी एच-वन-बीवर होतो, म्हणजे कंपनीनं अर्ज करून मिळवलेल्या नोकरीच्या व्हिसावर. नोकरी गेली की इथं राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, त्यात दुसऱ्या कंपनीनं अर्ज भरला तर थांबता येतं. मला सत्तेचाळिसाव्या दिवशी कंपनी मिळाली. आता तुझ्या एल-वनकडं ये. ६० दिवस त्यालाही आहेत, पण हा व्हिसा तुझ्याच कंपनीचा. दुसऱ्या कंपनीला तुला एल-वनवर घेताच येत नाही. तिला एच-वन-बी करावा लागेल, त्याची लॉटरी मार्चमध्ये आणि काम सुरू होणार ऑक्टोबरात. तुला जूनमध्ये काढलं तर? पीकविम्यात नुकसान कळवायला ७२ तास असायचे, निदान तिथं वावर तरी आपलंच राहतं. इथं ६० दिवसांनी घर, पोराची शाळा, गाडी, सगळं आवरून विमानात बसायचं.

म्हणून येऊच नको, असं म्हणत नाही. पगार चांगला, काम शिकायला मिळतं, आणि एल-वनवाल्याच्या बायकोला २०२१ पासून वेगळं परमिट न काढता नोकरी करता येते. तुझी बायको बी.कॉम. आहे म्हणतोस, तिचा पगार ही मोठी गोष्ट आहे. पण आवईला भिऊन येऊ नको. व्हिसाच्या मुलाखतीत, तुला असं काय येतं जे इथल्या माणसाला येत नाही, हे विचारतील. त्याचं उत्तर तुझ्याजवळ असेल, तर ते उत्तरच तुला छाटणीच्या वेळीही थोडंफार वाचवेल.

आवया कशा ओळखायच्या? ग्रुपवरचे स्क्रीनशॉट सोडून दे. सोडून गेलेल्या माणसाच्या जागी नवा घेणं थांबलं का, तुमच्याकडून प्रत्येक कामाची पायरीन्‌पायरी लिहून मागतात का, हे पाहा. अमेरिकेत १९८८ च्या वॉर्न कायद्यानं शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला मोठ्या छाटणीची ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. राज्यांची कामगार खाती त्या नोटिसा वेबसाइटवर टाकतात. पण एका ठिकाणचे निदान पन्नास निघाले तरच ती सक्ती, घरून काम करणारे पाच-पाच करून निघाले तर बरेचदा नाव कुठंच येत नाही. यादी रिकामी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नको.

पैशाचं थोडक्यात. आरोग्य विमा नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेल्यावर कोब्रा कायद्यानं तोच चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही तूच भरायचा आणि वर दोन टक्के. माझा आकडा पाहून बायको म्हणाली, एवढ्यात यवतमाळला दवाखाना काढू. पगारातून सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शनची वर्गणी, कापली जाते, तिची पेन्शन साधारण दहा वर्षं भरल्याशिवाय नाही, आणि दोन्ही देशांतली वर्षं जोडून मोजायचा करारही भारताशी नाही. सहा महिन्यांचा खर्च डॉलरमध्ये बाजूला ठेव. वावर विकून किंवा गहाण टाकून येऊ नको. सासरे म्हणोत काहीही.

आता मुद्द्याचं. मॅनेजरला विचार, तू नागपूरच्या कंपनीचा नोकर राहून इकडं येणार, का तिकडचा राजीनामा देऊन इकडच्या कंपनीत लागणार? राजीनामा दिलास तर तिकडची सेवा तुटली. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, तुझी नऊ महिन्यांनी भरतात. इथली जागा गेली तर नागपूरला जुन्या पदावर परत घेऊ, हे वाक्य कंपनीच्या पत्रात पाहिजे. परतीचं भाडं कोण देणार, तेही. "घेऊ नं बाप्पा, काळजी काहून करता" असं तोंडी म्हणणारे मॅनेजर पुढच्या तिमाहीत स्वतःच नसतात, मी तिघांना जाताना पाहिलं.

त्यांनी राजीनामाच मागितला, तर जाण्याची तारीख नऊ महिने पुढं ढकलता येते का ते विचार. कंपनीला तू खरंच इथं हवा असशील तर थांबतील. पत्र आलं की पगाराचा आकडा झाकून मला पाठव, सही करण्याआधी.