काळ्यामागे धावू नकोस

प्रिय मित्रा,

मेणवलीच्या घाटाची तुझी स्केचेस पाहिली. पायऱ्यांचा पर्स्पेक्टिव्ह कुठे ढळलेला नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. मी अडलो झाडाखालच्या सावलीपाशी. तिथे ८बी, म्हणजे फार मऊ आणि गडद पेन्सिल, इतकी रेटून घासली आहेस की कागदाचे दाणे बुजून गेलेत. कागद खिडकीकडे तिरका धरून बघ, सगळ्यात गडद असायला हवी तीच जागा चकाकते. ग्रॅफाइटचे थर एकमेकांवरून सहज घसरतात म्हणून तर ते कागदावर उतरतं. पण फार दाबलं की ते चपटे बसतात आणि उजेड परतवतात. ठार काळं हवंच असेल तर सरळ चारकोल घे. पेन्सिलीची खरी ऐट करड्यात आहे.

१७९५ साली फ्रान्समध्ये कोंते या संशोधकानं ग्रॅफाइटच्या भुकटीत माती मिसळून पेन्सिलीचं शिसं भाजायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. माती जास्त तर शिसं कडक आणि फिकं, कमी तर मऊ आणि गडद. लँडस्केप करणाऱ्याला याचा थेट फायदा असा की २एच, म्हणजे कडक शिशाची पेन्सिल, फार काळी होऊच शकत नाही. लांबचे डोंगर तिच्यावर सोपव, धुरकट अंतर आपोआप राखलं जाईल. ६बी जवळच्या दगडांच्या खाचांपुरतीच ठेव. आणि तीसुद्धा कधी टोकानं, कधी आडवी. आडवी फिरवलीस की कागदाचे दाणेच दगडाचा खडबडीतपणा देतात.

बोटानं घासायची सवय मात्र सोड. हाताचा तेलकटपणा लागतो, डाग पडतात आणि पाणी, पान, दगड सगळं एकाच मऊ पोताचं दिसतं. (आकाशाला एखाद्या वेळी चालेल.)

वाळलेल्या गवतासाठी एक युक्ती: रिफिल संपलेल्या बॉलपेननं कागदावर आधी काड्या कोर, मग वरून ४बी आडवी फिरव. कोरलेल्या रेघा पांढऱ्या राहतात. खोडरबरानं इतकी बारीक रेघ निघत नाही.

कृष्णेच्या पाण्यातलं प्रतिबिंब बघताना डोळे किलकिले कर. गडद भिंत पाण्यात जरा उजळ दिसते, उजळ आकाश जरा मळकट. तू दोन्ही जसंच्या तसं उलटं उतरवलं आहेस.

पुढचा घाट फक्त २एच आणि २बी घेऊन कर. पाठवताना मध्ये बटर पेपर घाल, या वेळी दोन चित्रं एकमेकांवर उमटली होती.

तुझा,
सर